वणव्याचा एसएमएस ग्रामसभेच्या कितपत कामाचा?

डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाची वणवा सूचना सेवा फुकट आहे. नाव कुणालाही नोंदवता येतं, आणि निवडलेल्या भागात उपग्रहाला आग दिसली की एसएमएस किंवा ईमेल येतो. वनखात्याच्या गरजेपुरती ती बरी चालते. हे परीक्षण मात्र दुसऱ्या ग्राहकाच्या बाजूने आहे: वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंसाधनाचा, म्हणजे गावाच्या वहिवाटीतल्या जंगलाचा, हक्क मिळालेली, आणि त्यासोबत त्या जंगलाची राखणही अंगावर आलेली ग्रामसभा. जोडीला नासाची 'फर्म्स' ही आगीच्या सूचनांची फुकट सेवाही घेतली आहे, कारण दोन्हींचा कच्चा माल, म्हणजे उपग्रहांची नोंद, एकच आहे आणि एकीची उणीव काही अंशी दुसरी भरून काढते.

निकाल आधीच सांगून टाकतो. आग विझवायला धावायचं असेल तर पाचात दोन गुण. आगीचा हिशेब ठेवायचा, जाळरेषा (आग अडवणाऱ्या मोकळ्या पट्ट्या) कुठे काढायच्या ते ठरवायचं, किंवा "तुमच्याच गावाने जंगल जाळलं" या आरोपाला कागदाने उत्तर द्यायचं असेल, तर पाचात चार. लोक नोंदणी करतात ती पहिल्या कामासाठी, आणि दोन महिन्यांत कंटाळून संदेश वाचायचे सोडून देतात.

माल येतो कुठून ते समजलं की या सेवेवर विसंबायचं कुठे आणि नाही कुठे हे आपोआप कळतं. वन सर्वेक्षण २००४ पासून टेरा आणि ॲक्वा या उपग्रहांवरच्या मोडिस यंत्राची नोंद वापरतं. २०१७ पासून त्यात सुओमी एनपीपी उपग्रहावरच्या व्हिर्स यंत्राची भर पडली. जानेवारी २०१९ मध्ये सेवेची तिसरी आवृत्ती आली आणि बरंचसं काम आपोआप व्हायला लागलं. ही यंत्रं धूर किंवा ज्वाळा पाहत नाहीत. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एखादा चौकोन फार तापलेला दिसला की तिथे खूण करतात. मोडिसचा चौकोन एक किलोमीटरचा, म्हणजे १०० हेक्टर. व्हिर्सचा ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. नकाशावर दिसणारा ठिपका त्या चौकोनाचा मध्यबिंदू असतो, आगीची जागा नव्हे. आग व्हिर्सच्या चौकोनाच्या कोपऱ्यात असेल तर ठिपक्यापासून २६५ मीटर दूर असते. शिवाय ही मापं उपग्रह डोक्यावरून जाताना लागू पडतात. त्याच्या नजरेच्या कडेला आपला भाग आला तर व्हिर्सचा चौकोन ८०० मीटरपर्यंत फुगतो आणि मोडिसचा त्याहून कितीतरी जास्त.

मग वेळ. व्हिर्सची फेरी दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास होते. सकाळी आठला लागून अकराला विझलेली आग त्याला दिसतच नाही. दुपारी तीनला लागलेली आग रात्रीपर्यंत टिकली तरच दिसते. दिसल्यावरही माहिती जमिनीवर उतरून, तिच्यावर प्रक्रिया होऊन, वनहद्दीशी ताडून संदेश निघेपर्यंत काही तास जातात. फर्म्स स्वतःच तीन तासांची मुदत सांगते. वाळलेल्या पाचोळ्यातली आग सपाटीवर मिनिटाला दोन मीटर सरकली तरी तीन तासांत साडेतीनशे मीटर जाते, चढावर त्याहून पुष्कळ जास्त. म्हणजे दुपारचा संदेश हातात पडतो तेव्हा त्यातल्या अक्षांश-रेखांशावर बहुधा राखच असते. गावातल्या गुराख्याला धूर त्याच्या आधी दिसलेला असतो.

रात्रीचा संदेश मात्र वेगळा वागवावा. रात्री हवा थंड आणि दमट होते, वारा पडतो, आणि बऱ्याच पाचोळ्याच्या आगी आपोआप बसतात. तरीही रात्री दीडला उपग्रहाला दिसण्याइतकी तापलेली आग आपोआप बसलेली नाही, हे त्यातून कळतं: खाली ओंडका, बांबूचं बेट किंवा वाळलेलं गवत पेटलेलं असणार. पहाटे संदेश दिसला की उजाडताच माणसं पाठवावीत. दहा-अकरा वाजता वारा सुटेपर्यंतचे चार तास आग विझवण्यासाठी दिवसातले सर्वात सोयीचे. ही सेवा गजर म्हणून वापरायचीच असेल तर एवढ्याचपुरती.

नोंदणीची पायरी सोपी आहे, पण तिथेच पहिली अडचण येते. भाग निवडताना राज्य, जिल्हा, वनविभाग, परिक्षेत्र, बीट (एका वनरक्षकाकडचं जंगल) अशी प्रशासनाची उतरंड समोर येते. ग्रामसभेच्या सामूहिक वनसंसाधनाची हद्द त्या उतरंडीत कुठेच नाही. मेंढा (लेखा) या गडचिरोलीतल्या गावाला सुमारे १,८०० हेक्टरांवरचा हक्क २००९ मध्ये मिळाला. त्यानंतर महाराष्ट्रात हजारो ग्रामसभांना असे हक्क मिळाले, पण देशाच्या वणवा नकाशाच्या लेखी जंगलाचा राखणदार अजून बीटच आहे. एका गावाची हद्द दोन-तीन बीटांत विभागलेली असते आणि एका बीटात चार गावांचं जंगल येतं. म्हणून सगळ्या संबंधित बीटांची नोंदणी करावी लागते आणि निम्मे संदेश शेजारच्या गावाचे येतात. संदेश इंग्रजीत असतो आणि ठिकाण आकड्यांत. साध्या फोनवर त्या आकड्यांचा उपयोग शून्य.

दुसरी उणीव गाळणीची. वन सर्वेक्षण उपग्रहाचे ठिपके वनक्षेत्राच्या थरातून गाळून घेतं, त्यामुळे शेतातली काडीकचरा जाळण्याची आग बहुतांशी वगळली जाते. हे चांगलंच आहे. पण विदर्भात सामूहिक हक्कांत झुडपी जंगल आणि महसुली जमिनीवरची वनंही येतात, आणि विरळ झुडपांचा असा तुकडा गाळणीत अडकायची शक्यता राहते. नेमकं गवत तिथेच जास्त, आणि आगही तिथूनच आत शिरते.

या दोन्ही अडचणींवर फर्म्सचा उतारा चालतो. तिच्या ईमेल सूचनेत आपला भाग नकाशावर स्वतः आखता येतो. आखताना हद्दीला चिकटून रेघ मारू नये. चारही बाजूंनी दोन किलोमीटर बाहेर घ्यावी, कारण आग बाहेरून येते आणि ती हद्दीत शिरल्यावर कळून काय उपयोग. सूचना तत्काळ, रोज एकदा की आठवड्यातून एकदा हे निवडता येतं. मार्च ते मे तत्काळ ठेवावी, बाकी वर्षभर आठवड्याची पुरते. फर्म्सकडे सुओमी एनपीपीशिवाय नोआ-२० आणि नोआ-२१ या उपग्रहांवरच्या व्हिर्सचीही नोंद येते, त्यामुळे एकाच दुपारी दोन-तीन नजरा मिळतात. तोटा असा की शेतातली आग, वीटभट्टी, कारखान्याची चिमणी सगळंच येतं आणि एसएमएस येत नाही. ईमेल पाहणारा माणूस लागतो. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली आहे. अशा ठिकाणी हंगामात एकाच व्यक्तीकडे सगळ्या गावांचे ईमेल घेऊन फोन लावायचं काम देणं जमण्यासारखं आहे. एकेका गावाने स्वतंत्रपणे हे करत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

आता जिथे सेवा चार गुण कमावते ते. फर्म्सच्या संग्रहातून मोडिसची नोव्हेंबर २००० पासूनची आणि व्हिर्सची २० जानेवारी २०१२ पासूनची नोंद सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येते. आपल्या भागाची, व्हिर्सची, सगळ्या वर्षांची फाइल मागवावी. ती क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांशाच्या स्तंभांवरून उघडावी आणि वर हक्काच्या दाव्यासोबतची जीपीएसने मोजलेली हद्द टाकावी. मग तीन गाळण्या लावाव्यात. 'टाइप' स्तंभात शून्य म्हणजे झाडोऱ्याची आग आणि दोन म्हणजे भट्टी-कारखान्यासारखा कायमचा तापलेला स्रोत. शून्य ठेवून बाकी काढून टाकावं. 'कॉन्फिडन्स' स्तंभात एल, एन, एच अशी अक्षरं असतात, म्हणजे खात्री कमी, साधारण, जास्त. दिवसाची 'एल' नोंद पुष्कळदा पाण्यावरची किंवा पत्र्यावरची उन्हाची तिरीप असते, ती वेगळी ठेवावी. तिसरी गाळणी महिन्यांची: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे असे चार रंग द्यावेत.

इथे हमखास चूक होते ती वेळेची. फाइलमधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळवायचे. ०८१२ म्हणजे आपले दुपारचे १:४२. पण २०१८ म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे १:४८, आणि फाइलमध्ये तारीख मात्र आदल्या दिवशीची असते. रात्रीच्या प्रत्येक ठिपक्याची तारीख एक दिवसाने पुढे न्यावी लागते. पंचनाम्यात १३ मार्च आणि नोंदीत १२ मार्च असं झालं की समोरचा माणूस तेवढ्यावरच कागद बाजूला सारतो.

दहा-बारा वर्षांचे ठिपके एकत्र पाहिले की पुन्हा पुन्हा पेटणारी ठिकाणं उघडी पडतात. मार्चच्या रंगाचे ठिपके मोहाच्या झाडांभोवती असतील तर कारण फुलं वेचण्यासाठी पाचोळा जाळणं हे धरून चालावं. तिथे जाळरेषेपेक्षा झाडाखाली शेडनेटची जाळी अंथरणं किंवा पाचोळा झाडून एका जागी ओढणं हा उपाय. एप्रिलचे ठिपके तेंदूच्या झुडपांच्या पट्ट्यात असतील तर नवी पालवी फुटावी म्हणून लावलेली आग. त्याचा उपाय हाताने छाटणी आणि लिलावाच्या करारात आगीचं कलम. चंद्रपूरमधल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर तेंदूतोड आणि तिच्यासोबत येणारी आग नको म्हणून तेंदूच्या उत्पन्नावरच पाणी सोडलं. बांबूचं उत्पन्न हाताशी असलेल्या गावाला ते झेपलं, सगळ्यांना झेपेल असं नाही. रस्त्याच्या कडेने रांगेत ठिपके दिसले तर जाळरेषा रस्त्यालगत हवी, वनखात्याच्या जुन्या नकाशातल्या कक्षाच्या रेघेवर नव्हे. पाचोळ्याच्या आगीला तीन मीटरची झाडलेली पट्टी सहसा अडवते. उभ्या वाळल्या गवताला ती पुरत नाही, आणि झाडल्यानंतर आठवडाभरात सागाची पानं पुन्हा पडली तर पट्टी असून नसल्यासारखी. मार्चमध्ये ती किमान दोनदा झाडावी लागते.

वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन, वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार दिला आहे, आणि नियमांतल्या नियम ४ खाली त्यासाठी समिती नेमायची असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यवस्थापन आराखडाही तिथूनच यायचा. या आराखड्यात वणव्याचं पान बहुधा 'जाळरेषा काढणे, जनजागृती करणे' एवढ्यावर संपतं. त्याऐवजी वरचा नकाशा जोडला, तर कोणत्या तुकड्यात किती किलोमीटर पट्टी, कोणत्या आठवड्यात, किती मजूर, हे आकडे लिहिता येतात आणि निधी मागता येतो. तेवढ्यासाठीसुद्धा ही उठाठेव फळते.

आरोपाचा भाग जरा जपून. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६(३) अजून पुस्तकात आहे: राखीव वनात मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली तर चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला. कलम ७९ प्रमाणे हक्कदारांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. अशा कायद्याच्या सावलीत "तुमच्या हद्दीत यंदा चाळीस ठिपके" हे वाक्य धोक्याचं ठरू शकतं. त्याला दोन उत्तरं तयार हवीत. ठिपका म्हणजे आग नव्हे: एकच मोठा वणवा एका फेरीत दहा चौकोन तापवतो आणि तीन दिवस चालला तर तीसहून जास्त ठिपके देतो. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या हंगामात देशभरात २,०३,५४४ नोंदी झाल्या असं वन अहवाल सांगतो. त्या नोंदी आहेत, तेवढे वणवे नव्हेत, हे वर्तमानपत्रांतही नीट छापलं जात नाही. दुसरं उत्तर हद्दीचं: सीमेपासून ३०० मीटरच्या आतला ठिपका आतला की बाहेरचा हे व्हिर्सवरून ठरवता येत नाही. मोडिसचा असेल तर एक किलोमीटरपर्यंत नाही. हाच नियम ग्रामसभेने तेंदूच्या ठेकेदारालाही लावावा. केवळ ठिपक्यावरून अनामत कापायचं कलम करारात घातलं तर ते वादात टिकणार नाही. 'ठिपका, आणि सात दिवसांच्या आत समितीचा पंचनामा' असं लिहावं.

पंचनाम्याला जोड म्हणून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं वापरावीत. कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी एक, १० ते २० मीटरच्या बारकाव्याची. जळालेला तुकडा त्यात काळपट उमटतो आणि हद्दीच्या आत की बाहेर हे स्वच्छ दिसतं. पानगळीचं सागवान मार्चमध्ये तसंही तपकिरी दिसतं, म्हणून एकच चित्र पाहून निष्कर्ष काढू नये. आगीच्या आधीचं आणि नंतरचं, पाच-दहा दिवसांच्या अंतराचं, अशी जोडी लावावी. मग जळालेल्या कडेने जीपीएस सुरू ठेवून चालत जाऊन क्षेत्र मोजावं, शक्यतो वनरक्षकाला सोबत घेऊन. महाराष्ट्रात आग कळवायला १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री क्रमांक आहे. फोन केल्याची तारीख-वेळ नोंदवहीत लिहून ठेवावी, कलम ७९ चं पालन केल्याचा तो पुरावा.

वन सर्वेक्षण आगीच्या आधीचाही इशारा देतं: वनप्रकार, तापमान, पाऊस आणि अलीकडच्या आगी यांवरून धोक्याचे भाग दाखवतं. कल्पना चांगली आहे आणि हवामान बिघडत चालल्यावर तिची गरज वाढणारच. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, त्याआधी जाळरेषा उरकायच्या. पण फेब्रुवारीतच पारा चढला तर तारीख येण्याआधी पाचोळा पेटायला तयार असतो. मार्चमध्ये अवकाळी पडला तर आठ दिवस धोका नाही आणि पुढे उगवलेलं गवत मेमध्ये वाळून नवं इंधन. गावाला कॅलेंडरपेक्षा असा इशारा हवा. सध्या तो मोठ्या चौकोनांत येतो आणि "अमुक परिक्षेत्रात धोका जास्त" यापलीकडे बोलत नाही. मेमध्ये विदर्भात तसा तो सगळीकडेच जास्त असतो.

सेवेच्या मागच्या धोरणाचा एक शब्द. भारताने २०३० पर्यंत जंगल आणि झाडं वाढवून २.५ ते ३ अब्ज टन जादा कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याचं वचन जगाला दिलं आहे, आणि पानगळीच्या जंगलातला प्रत्येक वणवा त्या हिशेबात खड्डा पाडतो. केंद्राची वणवा प्रतिबंधाची योजना आहे, बहुतेक राज्यांत केंद्र-राज्य वाटा ६०:४०, पण पैसा राज्याच्या वनखात्यातून फिरतो. रात्री फांद्या घेऊन आग झोडपणाऱ्या गावाचं नाव ना संदेशाच्या यादीत ना खर्चाच्या. हक्काच्या हद्दींचे नकाशे सरकारदरबारी आहेतच. ते बीटाच्या थराशेजारी टाकले आणि संदेश मराठीत, गावाच्या नावाने पाठवला, तर याच यंत्रणेला गजराचे आणखी एक-दोन गुण सहज देता येतील. उपग्रहाची वेळ काही बदलता येणार नाही.

घ्यावी कुणी? पाचशे हेक्टरांहून मोठं जंगल, संगणक हाताळणारा एक जण, आणि आराखडा किंवा तेंदूचा लिलाव तोंडावर, असं असेल तर डिसेंबर-जानेवारीतच जुनी नोंद उतरवून घ्यावी. एका माणसाचं दोन-तीन दिवसांचं काम आहे. जंगल शंभर हेक्टरांच्या आत असेल तर ते व्हिर्सच्या जेमतेम सात चौकोनांत मावतं, त्यातले बहुतेक सीमेवरचे. त्या गावाने नोंदणीच्या भानगडीत पडू नये. मार्च ते मे दुपारी बारा ते सहा टेकडीवर पाळीने माणूस बसवावा आणि त्याच्याकडे चार्ज केलेला फोन द्यावा.